शहरबानूने परत केलेले वाक्य

१४ फेब्रुवारी २०१७ रोजी खैरुद्दीनच्या अखेरच्या हिशेबातून चार हजार दोनशे ऐंशी दिरहॅम कापले गेले. तेव्हाच्या भावाने अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. वजावटीची नोंद माझ्या हातची आहे. अमिरातीतल्या फुजैऱ्याच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना तांदूळ, भाजी, दोर, रंग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी हिशेब पाहतो. वरून सहीचा कागद आला की वजावट करावी लागते. त्या कागदावर सही होती खरेदीप्रमुख ओवेसची.

मला सांगायचे आहे ते मात्र खैरुद्दीनबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल. शहरबानू आमच्याच कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसते. एखाद्या कॅप्टनने सडका कोबी किंवा फुटलेले दुधाचे डबे परत पाठवले की त्याची नोंद ती करते. नवरा लाँचवर माल चढवून घ्यायचा, ही कार्यालयात. मुलगी माहनूर तेव्हा इथल्या शाळेत पाचवीत होती. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातली ही माणसे. ओवेसही त्याच गावचा. दोघांचे व्हिसे त्यानेच काढून दिले होते.

झाले असे की एका जहाजावर रंगाचे काही ड्रम आणि दोराचे एक मोठे वेटोळे पोचलेच नाहीत. कागदावर ते लाँचवर चढले होते आणि चढवणारा खैरुद्दीन होता. बैठकीत तेव्हाच्या साहेबांनी शहरबानूदेखत ओवेसला विचारले, तुझ्या गावचा माणूस आहे, तुला काय वाटते? तो म्हणाला, "सर, पेपर जे सांगतो ते पेपरमध्ये आहे. मी काय बोलणार?"

तेवढ्यावर खैरुद्दीन चोर ठरला, कंपनीत आणि इथल्या त्याच्या गावकऱ्यांतही. व्हिसा रद्द झाला आणि माहनूरला घेऊन तो गावी गेला. शहरबानूची नोकरी राहिली, कारण ओवेसने ती राहू दिली, आणि पुढची आठ वर्षे तो भेटेल त्याला सांगत राहिला, "भाभीची नोकरी मी वाचवली."

वर्षभराने लाँच चालवणारा सारंग कायमचा गावी निघाला. जाण्याआधी त्याने शहरबानूला सांगितले की त्या सकाळी एक दुसरे जहाज घाईने निघत होते, म्हणून ओवेसने तो माल त्या जहाजाकडे वळवला होता. कागद बदलायचा राहिला. नंतर चौकशी झाली तेव्हा आपली चूक कबूल करण्यापेक्षा गप्प राहणे ओवेसला सोपे गेले. सारंग तर विमानात बसला. शहरबानू दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "सलाम, ओवेसभाई."

तिने हे मला सांगितले तेव्हा मी म्हटले होते, "तुमच्या जमातीत तरी बोलायचं."

एका गावच्या लोकांची इथे मंडळी असते, तिला ते जमात म्हणतात. वर्गणी, लग्न, मयत, सगळे तिच्यातून होते. वर्षाला एक जेवण असते.

"विलासभाऊ," ती म्हणाली, "आमच्यात ज्याने व्हिसा दिला त्याच्यासमोर आवाज चढवत नाहीत. आणि पुरावा काय देऊ? सारंगाची शपथ? बघू. मला घाई नाही."

तिला खरोखरच घाई नसे. एका मासळीवाल्याने एकदा तिला शिळा बांगडा दिला होता. त्याला ती काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून, उन्हाळ्यातसुद्धा, ती दोन गल्ल्यांचा वळसा घालून दुसऱ्याकडे जाते, आणि येताना त्याच्या दुकानासमोरून पिशवी दाखवत जाते. नवरा गेल्यावर तिने फ्लॅट सोडला आणि तीन नर्सबाईंबरोबर एका खोलीत राहू लागली. पगारातला मोठा भाग गावी जाई. तिकडे खैरुद्दीनने दुकान काढून पाहिले, पण उधारी मागायला गेला की लोक म्हणत, "तू आम्हाला हिशेब शिकवणार?" मग दुकान बंद झाले. तो मशिदीतही मागच्या रांगेत उभा राहू लागला. हे तिने मला एकदाच सांगितले, पुन्हा नाही. तिला पैसे नको होते, बढती नको होती. ज्या जमातीत तिच्या नवऱ्याला चोर म्हटले, त्याच जमातीत ओवेसने तो चोर नव्हता असे म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

मधल्या काळात ओवेस मोठा झाला. खैरुद्दीनच्या प्रकरणानंतर त्याने 'शिस्त' म्हणून एक नियम करून घेतला, की माल कोणीही मागवलेला असो, परत घ्यायचा तर मंजुरी ओवेसचीच. त्याच्या हाताखाली खरेदी करणारे चौघे होते, पण तो रजेवर असेल ते दिवस सोडले तर परताव्याच्या प्रत्येक नोंदीवर मंजूर करणारा म्हणून नाव ओवेसचे. दर महिन्याच्या बैठकीत तो ऐटीत सांगायचा, "माझ्याशिवाय इथे एक दोर हलत नाही."

गेल्या वर्षी नव्या जनरल मॅनेजर आल्या. नबिला मॅडम, जॉर्डनच्या. त्यांना प्रत्येक उत्तर लगेच हवे असे. त्यांनी मिहिकाला घेतले. मिहिका शारजात वाढलेली आपली मराठी मुलगी. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिने कंपनीच्या डेटाबेसला भाषेचे एक मॉडेल जोडले. पूर्वी एखादा आकडा हवा असला की आयटीला मेल टाकून आठवडा थांबावे लागे. आता साध्या भाषेत प्रश्न लिहायचा, उत्तर समोर.

"अंकल, आस्क एनीथिंग. मराठीत पण चालेल."

मी विचारले, मागच्या महिन्यात कांदा किती गेला? किलोंत आकडा आला. बरोबर होता, मी पडताळून पाहिला. उत्तराखाली करड्या रंगात बारीक अक्षरांच्या चार ओळी होत्या.

"हे काय?"

"ती क्वेरी, डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न. मॉडेल तुमच्या प्रश्नाचा अर्थ लावतं, त्याची क्वेरी लिहितं, मग डेटाबेस उत्तर देतो. डेटाबेस जे आहे तेच देणार. पण मॉडेलने अर्थच चुकीचा लावला तर? सो प्लीज, रीड द ग्रे पार्ट."

करडा भाग कोणी वाचत नसे. मीही नाही. शहरबानूला त्यातले अक्षर कळत नव्हते, पण ती रोज डबा घेऊन मिहिकाशेजारी बसू लागली आणि एकेक ओळ विचारू लागली. मिहिका खूश. "आंटी इज माय बेस्ट स्टुडंट!"

एके दिवशी शहरबानूने इंग्रजी अक्षरांत, अर्धे हिंदी अर्धे मराठी लिहिले: परत आलेल्या मालाला जबाबदार कोण? उत्तर आले, ओवेस. दहातल्या नऊ परताव्यांना तोच.

तिने मिहिकाला करडा भाग दाखवला. मिहिकाने वाचून कपाळाला हात लावला. "ओह नो. आंटी, परताव्याच्या टेबलमध्ये दोन नावं असतात. एक माल मागवणाऱ्याचं, एक परतावा मंजूर करणाऱ्याचं. मॉडेलने मंजूर करणारा उचलला. इट गेस्ड. मी फिक्स करते."

"राहू दे गं," शहरबानू म्हणाली. "घाई काय आहे? तुझी बाकीची कामं कर आधी."

मिहिकाने ते यादीत खाली टाकले. हे सगळे मला नंतर कळले, दोघींकडूनही.

पुढच्या महिन्याची बैठक मंगळवारी होती. मिहिका त्या दिवशी व्हिसाच्या मेडिकलला गेली होती. परताव्यांमुळे झालेला तोटा मी वाचून दाखवला. नबिला मॅडम वैतागल्या. तेवढ्यात फाइल द्यायला आलेली शहरबानू म्हणाली, "मॅडम, मशीनला विचारा ना, परत आलेल्या मालाला जबाबदार कोण. मिहिका म्हणते, काहीही विचारा."

मॅडमनी तिथेच प्रश्न लिहिला. भिंतीवरच्या पडद्यावर एक निळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बाकीच्या पट्ट्या नखाएवढ्या. मोठ्या पट्टीवर ओवेसचे नाव.

ओवेस आधी हसला. "मॅडम, हे काय? मी फक्त अप्रूव्ह करतो."

"फक्त?" मॅडम म्हणाल्या. "दर महिन्याला तू सांगतोस तुझ्याशिवाय दोर हलत नाही. मग हा माल कोणी हलवला?"

"मॅडम, खरेदी दुसरे करतात. विचारा हिला. भाभी, सांगा ना मॅडमना, एन्ट्री तर तुम्हीच करता."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने पेनाचे टोपण लावले, पेन पर्समध्ये ठेवले. मग आधी मॅडमना इंग्रजीत सांगितले, आणि तेच ओवेसकडे वळून मराठीत, सावकाश.

"सिस्टिम जे सांगते ते सिस्टिममध्ये आहे. मी काय बोलणार?"

ओवेसने ते वाक्य ओळखले. आठ वर्षांपूर्वी ते बोलताना तो त्याच खुर्चीत बसला होता.

मंजुरी देणे म्हणजे खरेदी करणे नव्हे, हे त्या खोलीत सांगू शकेल असा आणखी एक माणूस होता. तो मी. मी चहा संपवला. मला त्याचे वाईट वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्या कागदावरून मी खैरुद्दीनचे पैसे कापले तो खोटा होता, आणि ते माहीत असून मला तो पाठवणारा माणूस समोर घाम पुसत होता.

"खलास," मॅडम म्हणाल्या. ओवेसचे अधिकार त्याच दिवशी गोठले. महिनाभरात लेखी खुलासा, नाहीतर घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडले होते, तेव्हा तो पँट्रीत आला. मी उठू लागलो, तर शहरबानू म्हणाली, "बसा, विलासभाऊ. भाजी गार होईल."

"भाभी, हे तुम्ही केलंत."

"मी कोण करणार? मी तक्रारींची बाई. मशीनने केलं."

"मॅडमना आत्ता जाऊन खरं सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. माझी दोन मुलं कॉलेजात आहेत."

"माझी एक होती, पाचवीत. तिला मुली विचारायच्या, तुझ्या अब्बांनी काय चोरलं? रंग की दोर?"

ओवेसने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "काय पाहिजे तुम्हाला?"

"जमातीचं जेवण येतंय. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं, माल कुठे गेला होता. मी गावी फोन लावीन, तिकडे स्पीकरवर ऐकतील. आणि चार हजार दोनशे ऐंशी दिरहॅम. व्याज आमच्यात हराम, नाहीतर विलासभाऊंकडून तेही काढून घेतलं असतं. हे झालं की मॅडमकडे मी स्वतः जाईन."

"जमातीत? भाभी, मी तिथे खजिनदार आहे!"

"म्हणून तर."

त्याने आधी दुसरे मार्ग धरले. गावच्या एका वडीलधाऱ्याचा फोन आला. तिने आदराने ऐकून घेतले आणि म्हणाली, "चाचा, तुमची तब्येत सांभाळा." मग ओवेसची बायको मोठ्या भांड्यात बिर्याणी घेऊन आली, तिच्याजवळ रडली. शहरबानूने बिर्याणी नर्सबाईंना वाढली. कोणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असते. शहरबानूने ते भांडे घासले, पुसले आणि रिकामे परत पाठवले.

तेव्हा ओवेसला कळले असावे.

जेवण रविवारी दुपारी शारजात होते, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. ती मला घेऊन गेली. "तुम्ही अकाउंट्सचे," ती म्हणाली, "तुमच्यासमोर झालेलं नंतर कोणी नाकारत नाही." डोंगरातून गाडी चालवताना मी रेडिओ लावला, तिने तो बंद केला.

पुरुष पुढे बसले होते, बायका एका बाजूच्या टेबलांवर. ओवेसने वर्षाचा जमाखर्च वाचला. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि एका पोराच्या हातून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. ओवेसने फोनकडे पाहिले, कागदाची घडी केली.

"आणखी एक. पूर्वी आपल्या एका भावाबद्दल गैरसमज झाला होता. त्याची चूक नव्हती. अल्ला आपल्या सगळ्यांना माफ करो. चला, जेवण लावा."

"कोणाबद्दल?" शहरबानू उभी राहिली होती.

"भाभी, सगळ्यांना माहीत आहे."

"चोर म्हणताना नाव घेतलं होतं. आता जीभ का अडते?"

ओवेस हसला. त्याला वाट सापडली होती. "मग तुम्हीच सांगा, भाभी. कोणाचं नाव घेऊ?"

इतक्या वर्षांत मी शहरबानूच्या तोंडून नवऱ्याचे नाव ऐकलेले नव्हते. 'माहनूरचे अब्बा', नाहीतर नुसते 'हे'. बँकेत कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले तर ती पासपोर्ट पुढे करते. त्यांच्या गावच्या जुन्या घरांतून बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, भर सभेत तर नाहीच. ओवेस तिथलाच. त्याला वाटले, बाई गप्प बसेल आणि विषय मिटेल. शेजारची म्हातारी तिचा पदर ओढून म्हणालीसुद्धा, "बस गं, बाये."

"खैरुद्दीन," शहरबानू म्हणाली. आवाज सगळ्या हॉलभर गेला. "खैरुद्दीन. घ्या आता."

जेवण घेऊन आलेला वेटर दारातच थांबला. ओवेसने आजूबाजूला पाहिले. कोणी त्याच्या मदतीला आले नाही. ज्यांना त्याने व्हिसा दिला होता ते ताटाकडे पाहत होते.

"खैरुद्दीनने चोरी केली नव्हती," तो म्हणाला.

"माल?"

"माल मी दुसऱ्या जहाजावर पाठवला होता. कागद मी बदलला नाही."

"आणि बैठकीत?"

"बैठकीत मी गप्प राहिलो."

सगळे फोनकडे पाहू लागले. फोनमधून आधी कोंबडा ओरडल्याचा आवाज आला. मग खैरुद्दीन बोलला, घसा साफ करून.

"ऐकलं. इकडं दहा-बारा माणसं बसलीत, त्यांनीपण ऐकलं." मागे कळशी वाजली. "बानू, नळाला पाणी आलंय. ठेवतो."

जेवणानंतर जिन्यात ओवेसने पाकीट दिले. तिने ते माझ्या हातात दिले आणि मी मोजले. चार हजार होते.

"दोनशे ऐंशी पुढच्या पगाराला," ओवेस म्हणाला. "आत्ता नाहीत, भाभी. इन्शाल्ला देतो."

सोमवारी तिने शब्द पाळला. मिहिकाला घेऊन ती नबिला मॅडमकडे गेली आणि मला बोलावून घेतले. मिहिकाने नवा प्रश्न लिहिला: परत आलेला माल मुळात कोणी मागवला होता? करडा भाग तिने बोट ठेवून मॅडमना वाचून दाखवला. पडद्यावरची ती लांब पट्टी गेली. चौघा खरेदीवाल्यांच्या चार पट्ट्या आल्या, थोड्याफार सारख्या. पाचवी, ओवेसच्या नावाची, सगळ्यांत आखूड होती.

मॅडमनी पडदा बंद केला. मग शहरबानूला म्हणाल्या, "तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"मला सिस्टिमबद्दल विचारलं गेलं. सिस्टिममध्ये होतं ते मी सांगितलं."

तिला ताकीदपत्र मिळाले. तिने ते माझ्याच पेनाने सही करून घेतले. ओवेसची नोकरी वाचली, पण एकट्याच्या मंजुरीचा नियम गेला. त्याला दुबईकडच्या जबल अलीच्या गोदामात पाठवले आहे. लाँचवर चढणाऱ्या मालाची खोकी तिथे भरतात. ती आता तो मोजतो, आणि त्याच्या मोजणीवर दुसरा एक जण सही करतो.

मिहिका मात्र दुखावली. मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर तिने पॅसेजमध्येच शहरबानूला गाठले.

"आंटी, यू यूज्ड माय स्क्रीन. मी फिक्स करणार होते. तुम्ही म्हणालात, घाई नाही."

"म्हणाले."

"दॅट्स नॉट ओके."

"माहीत आहे गं."

तेव्हापासून मिहिका तिच्या टेबलावर जेवायला बसत नाही. शहरबानू तिच्या वाटणीचे सांदण डब्यात घालून आणते आणि संध्याकाळी परत नेते.

मी पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतो आहे. निघण्याआधी मला तिला एक विचारायचे होते, ते मी परवा विचारले. "समाधान झालं?"

"पोट भरलं, विलासभाऊ. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "माहनूर सांगत होती, अब्बा आता पुढच्या रांगेत उभे राहतात."

त्या जेवणानंतर ओवेसचे तीन पगार झाले. त्याच्याकडून शहरबानूला दोनशे ऐंशी दिरहॅम अजून येणे आहेत.